तार आणि नाडी : माळव्यातील दूरस्थ वैद्यकसेवेचा मागोवा

आपल्या जुन्या घरांतून 'तार आली' हे दोन शब्द कोणत्या स्वरात उच्चारले जात, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना सांगावयास नको. इंदूरच्या मराठी कुटुंबांचे आप्त पुणे, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे, नागपूर असे चहूकडे पांगलेले. पत्राने खुशाली यायची, मनिऑर्डरीने पैसे यायचे आणि तारेने आजारपण यायचे. 'मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली' एवढे इंग्रजी तर इंग्रजीचा गंध नसलेल्या आमच्या आजीलाही येत असे. शिपायाची सायकल दाराशी थांबली की तार फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. क्वचित ती परीक्षेत पास झाल्याचीही निघे, आणि मग रडण्याचे काय करावे हा प्रश्न पडे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा कायमची बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे मृत्युलेख लिहिले. मला मात्र राहून राहून एक गोष्ट आठवत होती. ही तार आपल्या देशात ज्याने आणली तो पेशाने अभियंता नव्हता, डॉक्टर होता.

विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे त्याचे नाव. आयर्लंडमधील लिमरिक येथे १८०९ साली जन्म, एडिनबरा येथे वैद्यकाचे शिक्षण. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ आली, तेव्हा या बावीस वर्षांच्या तरुणाने रोग्यांचे रक्त तपासले आणि सांगितले की, पटकीत माणूस मरतो तो रक्तातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते परत घातले पाहिजेत. त्या काळी पटकीच्या रोग्याच्या शिरेतून उलट रक्त काढण्याची रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचे मोल कळते. त्याच्या लेखनावरून स्कॉटलंडमधील टॉमस लाटा या डॉक्टराने १८३२ मध्ये शिरेतून मीठ-पाणी दिले आणि मरणाच्या दारातले काही रोगी परत आले. पुढे वैद्यकाने ही गोष्ट जवळजवळ विसरून टाकली. ओशॉनेसी १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला.

१८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवरून सुमारे वीस मैल तार ओढून प्रयोग केला. संदेश वाचण्यासाठी त्याने जी युक्ती योजली ती मला फार अर्थपूर्ण वाटते. तारेचे टोक बोटांना लावायचे, विजेचा बारीक झटका बसला की घड्याळाचा काटा कोठे आहे ते पाहायचे आणि त्यावरून अक्षर ठरवायचे. म्हणजे हिंदुस्थानातील पहिली तार डोळ्यांनी किंवा कानांनी नव्हे, तर वैद्य नाडी पाहतो तशी बोटांनी वाचली गेली. सरकारने तिची दखल घ्यायला बारा वर्षे लावली. (सरकारी दप्तरात अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.) डलहौसीच्या काळात मात्र कामाने वेग घेतला. शिवचंद्र नंदी यांच्यासारख्या देशी सहकाऱ्याच्या मदतीने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर, मार्च १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा, आणि त्यापाठोपाठ आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर करीत मुंबईपर्यंत तार पोहोचली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ती सर्वसामान्यांस खुली झाली. आपल्या गावी रेल्वे आली ती यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. होळकरांच्या इंदुरात बातमी आधी आली, माणूस मागाहून.

वैद्यकीय शिक्षणाचा पाया येथे १८७८ साली रेसिडेन्सीतील मेडिकल स्कूलने घातला गेला. त्याचेच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झाले आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. यशवंतराव महाराजांच्या नावाचे एम. वाय. हॉस्पिटल तर निमाड-झाबुआपासूनच्या रोग्यांचे माहेरघरच. तिकडून येणाऱ्या रोग्याचे सारे हाल या 'येणाऱ्या' शब्दात आहेत. कोणी बैलगाडीत, कोणी खाटेवर, कोणी बसच्या मागच्या बाकावर आडवा. रोग्याला डॉक्टराकडे आणायचे की डॉक्टराचे ज्ञान रोग्याकडे न्यायचे, हा प्रश्न माळव्याच्या नकाशातच लिहिलेला आहे.

युरोपात या प्रश्नाचे एक उत्तर फार लवकर मिळाले होते. हॉलंडमधील लायडन येथे विल्लेम आइन्टहोवन यांनी हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारे यंत्र बनविले. ते सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे, चालवायला पाच माणसे लागणारे; ते रुग्णालयात नेणे अशक्य. तेव्हा त्यांनी रोगी रुग्णालयातच ठेवला, त्याचे हातपाय मीठ-पाण्याच्या भांड्यांत बुडवले आणि १९०५ साली टेलिफोनच्या तारेने त्याच्या हृदयाचे स्पंदन दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत आणले. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज मनगटावरच्या घड्याळात जी सोय मिरवली जाते, तिचा मूळपुरुष हा.

आपल्याकडे असा दुवा तयार झाला तो तारेने नव्हे, उपग्रहाने. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय. 'साइट' नावाच्या या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते, याचा आपल्याला अभिमान वाटला तर तो अस्थानी नाही. मध्य प्रदेशातील त्या वेळची खेडी रायपूरकडची, म्हणजे आताच्या छत्तीसगडातील. आपल्या बाजूला पाळी आली ती नोव्हेंबर १९९६ मध्ये, झाबुआ विकास संचार प्रकल्पाच्या रूपाने. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रातून कार्यक्रम प्रसारित होत. झाबुआ जिल्ह्यातील १५० खेड्यांत ते घेण्यासाठी छत्र्या आणि दूरदर्शन संच बसविले होते. पण खरे नावीन्य होते ते बाराही विकासखंडांच्या मुख्यालयी बसविलेल्या उलटबोलीच्या यंत्रांत. तेथून कार्यकर्त्यांना अहमदाबादच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारता येई आणि उत्तर पडद्यावर त्याच्याच तोंडून ऐकता येई. अलीराजपूर २००८ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्या वेळी ते सारे झाबुआतच होते.

त्या दिवसांत माझी नेमणूक तिकडे होती. एका विकासखंडात अंगणवाडी कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण चालले होते, विषय अतिसार. पावसाळा नुकताच लागलेला. पडद्यावरील डॉक्टर मोठे सज्जन. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे त्यांनी करून दाखविले. एक भिलाली बाई उठली. यंत्रापुढे बोलायचे म्हणून तिने पदर सारखा केला आणि विचारले, लिटर म्हणजे आमच्या लोट्याने किती? डॉक्टर क्षणभर थांबले, मग हसून म्हणाले, लोटा दाखवा पाहू. तिला त्यांचे चित्र दिसत होते, पण त्यांना तिचा फक्त आवाज ऐकू जात होता. मग बाजूला पडलेली औषधाची एक लिटरची रिकामी बाटली कोणी आणली, तिने लोटा भरून भरून मोजले आणि सभागृहात उत्तर सापडले. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला. तयार पुड्या येतात त्या संपल्या आहेत, त्या कधी येणार? डॉक्टर म्हणाले, हे मात्र तेथे बसलेल्या साहेबांना विचारा. साहेब म्हणजे मी. त्या पुड्यांचे मागणीपत्र माझ्याच टेबलावर अकरा दिवस पडून होते. अहमदाबादचा आवाज आकाशात जाऊन परत यायला अर्धा सेकंदही लागत नव्हता, आणि माझ्या टेबलावरून कागद शेजारच्या खोलीत जायला अकरा दिवस. त्या दिवशी संध्याकाळी मी तो हातोहात नेला.

ओशॉनेसीचे चरित्र मी यानंतर कित्येक वर्षांनी वाचले, आणि झाबुआतील ती दुपार पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. या माणसाच्या दोन देणग्या, एक दूरवर बोलण्याची विद्या आणि दुसरी मीठ-पाण्याची, या सभागृहात एकशेपासष्ट वर्षांनी एकत्र आल्या होत्या. मधल्या काळात मीठ-पाण्याला शिरेतून तोंडावाटे आणण्याचे मोठे काम झाले होते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातलगांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. तेथे कसलेही यंत्र नव्हते.

यंत्राविषयी लिहिताना गडचिरोलीची आठवण टाळता येत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून श्वास मोजण्याचे एक साधन केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला की बाळ आजारी. दाईला दहापर्यंत मोजता आले की पुरे. हे साधन कशालाही जोडलेले नव्हते. पण ते चालविणारी बाई गावाला जोडलेली होती, आणि तिच्या पिशवीत औषध होते. त्या पिशवीपाशी झाबुआतील माझ्या अकरा दिवसांचे उत्तर आहे असे मला वाटते.

पुढचा इतिहास वाचकांच्या समोरचाच, म्हणून थोडक्यात. इस्रोने २००१ पासून दूरस्थ वैद्यकाचे प्रयोग हाती घेतले. अंदमानातील रुग्णालय चेन्नईशी, कर्नाटकातील चामराजनगर बंगळूरशी जोडले गेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मध्य प्रदेशात २००९ मध्ये आली. मग मार्च २०२० उजाडला आणि इंदूरचे नाव देशभर नको त्या कारणाने गाजले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जारी केली. तोवर फोनवरून औषध सांगावे की नाही याबद्दल डॉक्टरांच्या मनात धास्ती होती. ती एका परिपत्रकाने बरीच उतरली. ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉक्टर-डॉक्टरांसाठी सुरू झाली होती. एप्रिल २०२० पासून ती घरबसल्या रोग्यालाही मिळू लागली आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

त्या दोन वर्षांत घरोघरी बोटाला लावायचा चिमटा आला. त्याचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधले, आणि दैवयोग असा की साऱ्या जगाला त्या चिमट्याची गरज पडली त्याच एप्रिल २०२० मध्ये ते निवर्तले. आपण आकडा वाचायचा आणि फोनवर कळवायचा. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, एक्याण्णव. आमच्या गल्लीत त्या आकड्यांवर लोक झोपले आणि जागले. हा चिमटा काळ्या कातडीवर प्राणवायू खरा असतो त्याहून जास्त दाखवितो, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस पुन्हा सप्रमाण मांडले. गव्हाळ-सावळ्या लोकांच्या देशात ही गोष्ट किती जणांना सांगितली गेली? यंत्राचा आकडा आपण पंचांगासारखा मानतो, ते कोणाच्या कातडीवर तपासले होते हे विचारीत नाही.

सप्टेंबर २०२१ पासून चौदा आकडी आरोग्य-क्रमांकाची योजना देशभर सुरू झाली. तिचे फायदे उघड आहेत. कागदांची पिशवी घेऊन हिंडणे टळते. पण हे सारे कागद कोण वाचणार, याचा हिशेब आपल्या पिढीने नीट विचारावा. आमच्या वेळी रोग्याची फाइल हरवायची. आता ती हरवत नाही, आणि नको त्याच्या हाती पडली तर परतही घेता येत नाही.

आता शेजारची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या आळीत शहाऐंशी वर्षांच्या एक माई एकट्या राहतात. मुलगा न्यू जर्सीला. त्याने रक्तदाब मोजण्याचा पट्टा पाठविला आहे. दंडाला बांधून कळ दाबली की आकडा मोबाइलमधून थेट त्याच्यापाशी जातो. गेल्या थंडीत रात्री साडेदहाला त्याचा मला फोन आला, "काका, आईचा दाब एकशेअठ्ठ्याण्णव दाखवतोय, जरा बघता का?" मी शाल गुंडाळून, बॅटरी घेऊन गेलो. माईंनी पट्टा स्वेटरच्या बाहीवरून बांधला होता, आणि त्याआधी दूध तापविण्यासाठी जिना उतरून चढल्या होत्या. पाच मिनिटे बसवले, बाही वर केली; दाब एकशेबेचाळीस. फोन करून कळविले, तर तिकडे तो रडत होता.

तेव्हापासून रोज सकाळी आठला मी जातो. पट्टा मीच बांधतो. पहिल्यांदा त्यांचे मनगट धरून नाडी पाहतो, म्हणजे तसे मला त्यातले काही कळत नाही, पण माईंना ते लागते. आकडा उमटला की त्या चष्मा लावून तो स्वतः वाचतात आणि म्हणतात, "बापू, आता जाऊ दे त्याच्याकडे. आणि चहा घेतल्याशिवाय उठू नकोस."