साक्षीदाराला बोलू देण्याची कुळकथा

जुलै १९७६. कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात २६ मुलांनी भरलेली बस तिघा बंदूकधाऱ्यांनी पळवली आणि मुलांसकट चालकाला दगडखाणीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. सगळे स्वतःच वाट काढून बाहेर आले. मग पोलिसांनी चालकाला संमोहित केलं, तेव्हा त्याला अपहरणकर्त्यांच्या गाडीचा नंबर आठवला. एक आकडा सोडला तर तो बरोबर निघाला. अमेरिकी पोलिसांना तेवढं पुरलं. लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर यांनी तर संमोहनाचे वर्गच काढले.

खोट दिसायला फार दिवस लागले नाहीत. संमोहित माणूस जास्त बोलतो खरा, पण त्यातलं आठवलेलं किती आणि मनाने भर घातलेलं किती, हे त्याचं त्यालाही उमगत नाही. वर दोन्हींवर त्याचा सारखाच विश्वास बसतो. मग उलटतपासणीत वकिलाने कितीही डिवचलं तरी तो हलत नाही. १९८२ मध्ये ‘पीपल विरुद्ध शर्ली’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीला दार बंद केलं.

त्याच सुमाराला एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर हे दोन मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांचं भांडवल प्रयोगशाळेतलं होतं. एन्डेल टल्विंग यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की आठवण ज्या परिस्थितीत मनात शिरते, तिच्या खुणा पुन्हा मिळाल्या तर ती सहज वर येते. पाठोपाठ १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर ऐकलेले काठावर. साक्षीदाराला दरोड्याच्या जागी दरवेळी कोण नेणार? पण मनाने तरी नेता येईल, असा या दोघांचा हिशेब होता.

म्हणून त्यांची मुलाखत ‘चोर कसा दिसत होता?’ इथून सुरू होत नाही. डोळे मिटा. दुकानात कुठे उभ्या होतात? उजेड कुठून येत होता? कसला वास होता? हातात काय होतं, मनात काय चाललं होतं? मग सांगायचं: आठवेल ते सगळं बोला, फालतू वाटलं तरी, अर्धवट असलं तरी. त्यानंतर तीच हकिगत शेवटाकडून सुरुवातीकडे. आणि शेवटी, गल्ल्यावरच्या माणसाला काय दिसलं असेल, ते सांगा. या शेवटच्या पायरीबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघ म्हटल्यावर साक्षीदार अंदाज बांधणार नाही तर काय करेल? अनेक पोलिसांनाही ती पायरी रुचली नाही.

१९८५ मध्ये निकाल छापून आला. पोलीस प्रशिक्षणातल्या हिंसक गुन्ह्यांच्या फिल्म विद्यार्थ्यांना दाखवून दोन दिवसांनी अनुभवी तपास अधिकाऱ्यांनी त्यांची मुलाखत घेतली. नेहमीच्या पद्धतीने सरासरी २९ बरोबर तपशील निघाले, संमोहनाने ३८, नव्या ‘कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू’ने ४१. चुकांची संख्या मात्र तिन्हींकडे जवळपास सारखीच.

इथवर सगळी विद्या साक्षीदाराच्या डोक्याची. खरी मेख दुसरीकडे होती, आणि ती कळली टेपमुळे. १९८७ मध्ये फिशर आणि मंडळींनी मायामी भागातल्या मेट्रो-डेड पोलिसांच्या ११ मुलाखतींच्या टेप ऐकल्या. सरासरी मुलाखतीत ‘काय झालं ते सांगा’ छापाचे प्रश्न तीन, ‘उंची किती? शर्ट कुठला?’ छापाचे २६. साक्षीदाराने मोकळेपणाने सांगायला सुरुवात केली की सरासरी साडेसात सेकंदांत अधिकारी मधे तोंड घालत होता. बिचाऱ्याने मनाने त्या दुकानात पाऊल टाकायचं आणि यांनी बाहेर ओढून आणायचं, की पुन्हा पहिल्यापासून. मला या कुळकथेतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो. स्मृतीचे पंडित स्मृती सोडून पोलिसांच्या तोंडाकडे वळले. सुधारलेल्या पद्धतीत ओळख जुळवणं, मधे न बोलणं आणि साक्षीदार गप्प झाला तरी थांबून राहणं यांना मानाची जागा मिळाली.

दरोडा विभागातल्या सात गुप्तहेरांना ती शिकवली. १९८९ चा अहवाल सांगतो की त्यांना प्रशिक्षणाआधीपेक्षा ४७ टक्के आणि न शिकलेल्या सहकाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त माहिती मिळाली.

अमेरिकेपेक्षा ब्रिटनने हे जास्त मनावर घेतलं, कारण त्यांचे हात पोळले होते. बाँबस्फोटांच्या खटल्यांत चुकीने दोषी ठरलेले गिल्डफर्ड फोर १९८९ मध्ये सुटले, तसेच बर्मिंगहॅम सिक्स १९९१ मध्ये. दोन्ही प्रकरणांत पोलिसी चौकशीची लक्तरं निघाली. १९९२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ‘पीस’ नावाची चौकशीपद्धत आली आणि तिच्यात साक्षीदारासाठी कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू बसवला गेला. अडचण एकच, वेळ. अशी मुलाखत रेंगाळते, आणि ठाण्यात बाहेर दहा माणसं ताटकळत असतात. आपल्याकडचा ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ने सुरू होणारा, हवालदाराच्या भाषेत उतरलेला जबाब पाहिला की साडेसात सेकंदही उदार वाटतात.

उलट्या क्रमाच्या पायरीचं पुढे भलतंच झालं. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या ऑल्डर्ट व्राय यांनी ती प्रयोगात संशयित बनवलेल्यांवर वापरून पाहिली. रचलेली हकिगत मागून पुढे सांगताना खोटं बोलणाऱ्याच्या डोक्यावर जास्त ताण येतो आणि खोटं उघडं पडायला मदत होते, असं त्यांना आढळलं. प्रामाणिक साक्षीदाराला मदत करायला काढलेली युक्ती आता लबाडाला अडकवायलाही वापरतात.