चापाचं वजन

मागच्या खेपेला आपण रिव्हॉल्व्हरपाशी थांबलो होतो. आज पिस्तूल. पण पिस्तुलाचा सगळा इतिहास घेत नाही, एकच प्रश्न घेतो: भरलेलं पिस्तूल माणसानं दिवसभर कमरेला वागवायचं, तर ते नको तेव्हा उडू नये ही जबाबदारी कुणाची? हत्यारातल्या एखाद्या खटक्याची, की बोटाची?

आधी शब्द नीट करून घेऊ. मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण आपण घोडा म्हणजे मागचा हातोडा आणि चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो, असं धरून चालू. चापाचं वजन म्हणजे तो ओढायला लागणारा जोर. तो पौंडांत मोजतात.

अमेरिकन लष्करानं १९११ साली जॉन ब्राउनिंगचं कोल्ट पिस्तूल स्वीकारलं. त्यात घोडा आधीच मागे ताणलेला असतो, त्यामुळे चापाला काम थोडंच उरतं आणि तो हलका असतो. घोडदळाला हे पटेना. एका हातात लगाम, दुसऱ्यात ताणलेलं पिस्तूल आणि खाली बिथरलेलं जनावर, तर स्वाराने करायचं काय? म्हणून मुठीत एक पट्टी आली. मूठ आवळल्याशिवाय बारच उडत नाही. शिवाय घोडदळाच्या आग्रहानं अंगठ्याची सेफ्टी आली. थोडक्यात, चाप हलका आणि कुलपं दोन.

जर्मनीत वॉल्थर कंपनीनं १९२९ मध्ये वेगळी वाट काढली. घोडा खाली ठेवूनच पिस्तूल बाळगायचं, पहिला बार लांब आणि जड ओढीनं, पुढचे सगळे हलक्या ओढीनं. यात एक अडचण राहते. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीला बोटाला दोन वेगळे हिशेब करावे लागतात. तरी ही रचना पुढे अनेक दशकं पोलिसांत टिकली.

मग आला गॅस्टन ग्लॉक. पडद्याचे रॉड आणि लष्करासाठी चाकू बनवणारा हा ऑस्ट्रियन माणूस. पिस्तुलाच्या धंद्यात पूर्वी कधी नव्हता. त्याचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये घेतलं. बाहेर अंगठ्याची सेफ्टीच नाही! आत तीन सेफ्ट्या आहेत आणि त्या उत्तम आहेत. पिस्तूल हातातून पडलं तरी बार उडत नाही. पण तिन्ही उघडतात एकाच किल्लीनं, चाप ओढून. आणि तो चाप साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोचा. शर्टाचं टोक किंवा होल्स्टरचा दुमडलेला पट्टा चापात अडकला, तर पिस्तुलाला तो बोटासारखाच.

आता न्यूयॉर्ककडे येऊ, कारण या प्रश्नाची खरी परीक्षा तिथे झाली. तिथल्या शहर पोलिसांकडे पिढ्यान्‌पिढ्या रिव्हॉल्व्हर होती. शेवटच्या काळात तर ती घोडा अंगठ्यानं ताणताच येऊ नये अशीच केलेली होती. प्रत्येक बार जड ओढीनं. १९९३ मध्ये पोलीस आयुक्त रेमंड केली यांच्या काळात नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांना सरसकट परवानगी मिळाली. हजारो शिपायांच्या बोटाला जन्मभर जड चापाची सवय, आणि हातात अडीच किलोचा चाप द्यायचा? वरिष्ठांना धास्ती वाटली, आणि ती धास्ती खोटी नव्हती. तोडगा स्प्रिंगचा निघाला. ग्लॉकमध्ये जास्त ताठ स्प्रिंग बसवून चाप सुमारे बारा पौंडांवर नेला. साडेपाच किलो. पिस्तूल स्वतः रिकामं असताना सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि चाप ओढायला पाच किलो तांदळाच्या पिशवीहून जास्त जोर, तोही एका बोटाचा.

माझ्या मते इथे एक गफलत झाली. रिव्हॉल्व्हरची ओढ नुसती जड नव्हती, लांब होती. शिवाय घोडा मागे येताना डोळ्यांना दिसायचा. माणसाला थांबायला तेवढा अवकाश मिळायचा. न्यूयॉर्कनं त्यातलं वजन उचललं, लांबी मागेच राहिली.

किंमत नेमाला मोजावी लागली. बोट जोर लावतं तेव्हा सगळा पंजा आवळतो आणि नळी हलते. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, आणि नऊ वाटसरू जखमी झाले, तेही पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. हे सगळं चापामुळे झालं असं कुणी म्हणू नये. गर्दी होती, क्षणाचा खेळ होता, प्रशिक्षणाचे प्रश्न होते. पण रँड या संशोधन संस्थेनं २००८ मध्येच, पोलिसांनीच मागवलेल्या अहवालात, हलक्या चापाचा विचार करा असं सुचवलं होतं.

बरं, निदान अपघात तरी टळले का? काही टळले असतील. न झालेल्या अपघाताची नोंद कुठे होत नाही. पण २० नोव्हेंबर २०१४ ची रात्र बघा. ब्रुकलिनमधल्या सरकारी वसाहतीचा अंधारा जिना. एक नवखा शिपाई, एका हातात विजेरी, दुसऱ्यात उपसलेलं पिस्तूल, आणि दार खांद्यानं ढकलतोय. कसला तरी आवाज झाला, तो दचकला, बार उडाला. गोळी भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या २८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला लागली. तो गेला.

शरीरशास्त्रज्ञ रॉजर इनोका यांनी २००३ मध्येच लिहून ठेवलं होतं की दचकल्यावर, तोल गेल्यावर, किंवा एक हात जोरानं आवळला की दुसरा हात नकळत आवळतो. जेफ कूपर या नेमबाजी शिक्षकाचा नियम म्हणूनच साधा आहे: नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.

खटल्यात शिपाई म्हणाला, बार आपोआप उडाला. ज्युरींनी ते पिस्तूल मागवलं आणि स्वतः चाप ओढून पाहिला. तो इतका जड लागला की त्याच्या सांगण्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोषी ठरवला. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी गुन्हा सौम्य केला, पाच वर्षांची देखरेख आणि आठशे तास समाजसेवा. अपघात टाळण्यासाठी बसवलेली स्प्रिंग अशी न्यायालयात साक्षीला उभी राहिली. माणूस दचकतो तेव्हा हाताला किती जोर येतो, हे शांत खोलीत, खुर्चीत बसून चाप ओढणाऱ्याला कसं कळणार, हा प्रश्न मला अजून छळतो. आणि तेवढाच दुसराही: तिथे चापावर बोट होतंच कशाला?

२०२१ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी नव्या भरतीच्या शिपायांना हलक्या चापाची पिस्तुलं द्यायचं जाहीर केलं. जड स्प्रिंगचा आग्रह जवळपास तीन दशकं टिकला.

प्रश्न घेऊ या. मागून कुणीतरी हात वर केलाय.