बोस्टनचा स्वातंत्र्यवृक्ष: कोणाचे स्वातंत्र्य?

अमेरिकेतील बोस्टन शहरात, वॉशिंग्टन स्ट्रीट आणि बॉइलस्टन स्ट्रीट मिळतात तिथे 'लिबर्टी ट्री प्लाझा' नावाची छोटी मोकळी जागा आहे. २०१८ मध्ये ती नव्याने तयार झाली. तिथले एल्मचे झाड हे तोडल्या गेलेल्या एका झाडाचे स्मारक आहे. एल्म म्हणजे आपल्याकडच्या वावळाच्या कुळातला वृक्ष. मूळ झाड या चौकाजवळच उभे होते.

१७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींवर मुद्रांक कायदा लादला. वर्तमानपत्र, करारपत्र, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा शिक्का मारलेल्या कागदावरच हवा, आणि त्याचा कर लंडनला. १४ ऑगस्ट १७६५ रोजी सकाळी या झाडाला अँड्र्यू ऑलिव्हर या मुद्रांक अधिकाऱ्याचा पुतळा टांगलेला लोकांना दिसला. संध्याकाळी जमावाने पुतळ्याची मिरवणूक काढली आणि ऑलिव्हरची इमारत पाडली. सप्टेंबरमध्ये झाडावर 'ट्री ऑफ लिबर्टी' असा तांब्याचा फलक लागला, १७ डिसेंबरला ऑलिव्हरला त्याच झाडाखाली जाहीर राजीनामा द्यावा लागला आणि मार्च १७६६ मध्ये कायदाच रद्द झाला. पुढे इतर वसाहतींतही असे वृक्ष निवडले गेले. ॲनापोलिस येथील वृक्ष तर १९९९ पर्यंत टिकला. वादळात इजा झाल्यावर तो उतरवावा लागला. बोस्टनच्या झाडाला मात्र इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी ऑगस्ट १७७५ मध्ये तोडून सरपण केले.

ही गोष्ट साधारण इथेच संपवली जाते. आपण थोडे पुढे जाऊ.

त्या दिवसाची आखणी 'लॉयल नाईन' या कारागीर व व्यापाऱ्यांच्या गटाने केली होती. रस्त्यावर लोक उतरवले ते एबनेझर मॅकिन्टॉश नावाच्या चांभाराने. गरीब वस्तीत त्याचा शब्द चालत असे. स्वातंत्र्य मिळाले, नेत्यांचे पुतळे झाले, आणि मॅकिन्टॉश न्यू हॅम्पशायरमध्ये गरिबीत वारला.

याहून मोठा प्रश्न गुलामांचा. 'बोस्टन गॅझेट' हे चळवळीचे वर्तमानपत्र. त्याचा एक मुद्रक बेंजामिन एड्स स्वतः 'लॉयल नाईन'मध्ये होता. एका पानावर इंग्रजांच्या 'गुलामगिरी'चा निषेध आणि त्याच पत्रात माणसांच्या विक्रीच्या जाहिराती! कवयित्री फिलिस व्हीटली हिला १७६१ मध्ये, दुधाचे दात पडण्याच्या वयात, याच शहरात विकत घेतले गेले होते.

राजकीय स्वातंत्र्य आणि सामाजिक गुलामगिरी एकाच छताखाली नांदू शकतात, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले. पुढे त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना लिहून ठेवली, १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. समतेला सोडून आलेले स्वातंत्र्य कसे दिसते, ते बोस्टनमध्ये पाहावे.

जयंतीला आपणही रोप लावतो. फलकावर पाहुण्यांची नावे येतात. खड्डा खणणाऱ्याचे आणि उन्हाळाभर पाणी घालणाऱ्याचे येत नाही. ही सवय आपल्यालाही आहे, म्हणून पुढची चार नावे मुद्दाम लिहितो.

एप्रिल १७७३ मध्ये बोस्टनमधून पीटर बेस्टेस, सॅम्बो फ्रीमन, फेलिक्स होलब्रुक आणि चेस्टर जोई या चौघांनी गुलामांच्या वतीने लोकप्रतिनिधींना अर्ज केला. स्वतःला गुलाम होऊ न देण्यासाठी झगडणाऱ्या माणसांकडून आम्हाला मोठ्या अपेक्षा आहेत, असा त्याचा सूर. मागणी किती माफक? आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी काम करू द्या, त्या पैशांतून आम्ही स्वतःला सोडवून घेऊ. तेवढेही मिळाले नाही.

मग मॅसॅच्युसेट्सची १७८० ची राज्यघटना आली. सर्व माणसे जन्मतः मुक्त व समान असल्याचे तिच्या पहिल्याच कलमात होते. त्या आधारावर एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम स्त्री १७८१ मध्ये न्यायालयात मुक्त झाली. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर खटल्यात मुख्य न्यायमूर्ती कुशिंग यांनी गुलामगिरी घटनेशी विसंगत ठरवली. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामांच्या रकान्यात एकही नोंद नव्हती.