भारतीय वृक्षबेडूक

भारतीय वृक्षबेडूक (शास्त्रीय नाव: पॉलिपेडेटस मॅक्युलेटस) ही रॅकोफोरिडी कुळातील बेडकाची एक प्रजाती आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. भारत, श्रीलंका, नेपाळ व बांगलादेश या देशांत ती आढळते. विदर्भातील पानझडी वनांप्रमाणेच नागपूर शहरातील बागांत व घरांतही तिचा वावर असतो.

वर्णन

पाठ फिकट पिवळसर ते तपकिरी असून तिच्यावर गडद ठिपके असतात. रंगाची छटा परिस्थितीनुसार बदलते. मांडीच्या मागील बाजूस पिवळे ठिपके असणे ही ठळक खूण होय. बोटांच्या टोकांवरील चकत्यांमुळे हा बेडूक गुळगुळीत भिंतीवरही सहज चढतो. चुना लावलेल्या भिंतींवर नेहमी दिसत असल्याने इंग्रजीत त्याला ‘चुनाम फ्रॉग’ असेही म्हणतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते.

उन्हाळ्यातील तगाव

नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. बेडकाची त्वचा ओलावा झपाट्याने गमावते, त्यामुळे असा उन्हाळा सोसणे कठीण असते. या प्रजातीच्या त्वचेतून स्निग्ध स्राव पाझरतो आणि बेडूक पायांनी तो अंगभर पुसून घेतो. या लेपामुळे बाष्पीभवन मंदावते. दिवसा पाय अंगाशी घट्ट आवळून तो सावलीत निश्चल बसतो. न्हाणीघर, माठाखालची जागा, झाडाची ढोली अशी ओलसर ठिकाणे त्याला मानवतात.

प्रजनन व अधिवास

पावसाळ्यात नर ‘टक्-टक्’ असा आवाज काढून मादीला बोलावतो. मादी आपला स्राव मागच्या पायांनी घुसळून फेसाचे घरटे तयार करते व त्यात अंडी घालते. घरटे पाण्यावर झुकलेल्या पानांवर, काठावरील गवतात किंवा टाक्याच्या भिंतीवर असते. फेसाचा बाहेरचा थर वाळतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी भैरोट्या खाली पाण्यात पडतात.

याच कुळातील घाटिक्सालस प्रजातींच्या भैरोट्या दक्षिण सह्याद्रीतील वाहत्या ओढ्यांत वाढतात. भारतीय वृक्षबेडकाला मात्र संथ पाणी लागते: ओढ्याकाठची डबकी, तळ्यांचे उथळ काठ, पाणी साचलेले खड्डे. भैरोट्यांची वाढ पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात. पावसाने दीर्घ खंड घेतल्यास डबके आटून संपूर्ण वीण नष्ट होते. नाल्यांचे काठ सिमेंटने बांधल्यावर अशी डबकी उरत नाहीत आणि घरातील टाक्यावरचे फेसाचे घरटे घाण समजून धुतले जाण्याचा संभव असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रजातीचा समावेश ‘किमान चिंता’ या वर्गात केला आहे. मात्र हे मूल्यमापन तिच्या एकूण प्रसारक्षेत्राचे आहे, एखाद्या शहरातील डबक्यांचे नव्हे.