दिल्लीस जावयाचें तर

दिवाळीच्या सुटींत दिल्लीस जावयाचें असें एकदां घरांत ठरलें म्हणजे पहिला प्रश्न गाडीच्या तिकिटांचा निघतो, दुसरा थंडीच्या कपड्यांचा, आणि तिसरा आग्रा त्यांतच उरकतां येईल कीं नाहीं याचा. इतिहासाचा प्रश्न निघालाच तर परतीच्या गाडींत निघतो. आम्हीही पूर्वीं एकदां या रीतीनेंच दिल्ली पाहिली होती. सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनीं हातीं दिलेल्या कागदावर एका दिवसांत अकरा स्थळें नमूद होतीं. तीं सर्व पाहून झालीं, आणि घरीं आल्यावर हुमायूनाची कबर कोणती व सफदरजंगाची कोणती यावर छायाचित्रें पुढें ठेवून दोन दिवस वाद चालला. तो अद्यापि मिटलेला नाहीं.

दोष त्या गृहस्थांचा नव्हे. दिल्ली हें एक शहर आहे अशी समजूत करून घेऊन आपण तेथें जातों, हेंच चुकतें. कुतुबाजवळची जुनी दिल्ली, गियासुद्दीनानें १३२१ च्या सुमारास वसविलेलें तुघलकाबाद, फिरोजशहाचा कोटला, शहाजहानाबाद आणि १९३१ सालीं उद्घाटन झालेली इंग्रजांची नवी राजधानी, हीं निरनिराळ्या राजांनीं निरनिराळ्या जागीं वसविलेलीं नगरें होत. त्यांचा कालक्रम एका दिशेस जातो आणि रस्ते दुसऱ्या दिशेस. कालक्रमानें पाहूं म्हणणारा मनुष्य वाहनांतच दमतो; रस्त्यांच्या सोयीनें पाहणाऱ्याच्या डोक्यांत अकबर आणि अल्तमश यांची गल्लत होते. आमची सूचना अशी कीं, मराठी कुटुंबानें निदान एक दिवस हे दोन्ही क्रम सोडून द्यावे आणि आपले पूर्वज ज्या वाटांनीं या शहरांत शिरले त्या वाटांनीं जावें.

प्रारंभ लाल किल्ल्यापासून करावा. (सोमवारीं तो बंद असतो, हें गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं ध्यानांत असावें.) आंत गेल्यावर दिवाण-इ-खासाशीं वाटाडे हटकून थांबतात, तेथील स्वर्गाची उपमा देणारा फारसी शेर म्हणून दाखवितात, मयूरासन १७३९ सालीं नादिरशहानें नेलें असें सांगतात, आणि पुढें चालूं लागतात. आपण थांबावें व वर पाहावें. आज दिसतें तें छत लाकडाचें, रंगविलेलें आहे. पूर्वीं तेथें चांदी होती, आणि ती काढली सदाशिवरावभाऊंनीं. ऑगस्ट १७६० मध्यें दिल्ली हातीं आली खरी, परंतु यमुनेस पूर आलेला, अबदाली पलीकडच्या तीरावर, गोविंदपंत बुंदेल्यांकडून येणारा पैसा येत नाहीं, पुण्याहून कांहीं यावयाची आशा नाहीं, आणि लाखाच्या घरांतलें लष्कर व बाजारबुणगे यांचें पोट रोजचें. त्या चांदीचे सुमारें नऊ लक्ष रुपये पडले असें इतिहासकार सांगतात. त्यावर फौजेचा जेमतेम महिनाभर निभाव लागला. सुरजमल जाट याच सुमारास भाऊंस सोडून गेला. त्याच्या रागाच्या कारणांत हें छतही गणलें जातें. पुढें १४ जानेवारी १७६१ रोजीं काय झालें तें मराठी घरांतल्या लहान मुलासही ठाऊक असतें.

ही गोष्ट आपले लेखक दोन प्रकारांनीं टाळतात. कोणी ती सांगतच नाहीं; कोणी नादिरशहाच्या लुटीशेजारीं ठेवून ती क्षुल्लक करून टाकतो. आम्हांस दोन्ही प्रकार पटत नाहींत. भाऊंची निकड खरी होती. पण ज्या बादशाहीचें संरक्षण करण्याचें आपण पत्करलें होतें तिच्याच सभागृहाचें छत आपण उतरविलें, हेंही खरें आहे. मुलांनीं विचारल्यास दोन्ही सांगावें, आणि तें त्याच छताखालीं सांगावें.

कारण याच किल्ल्याची दुसरी बाजूही तेथेंच सांगतां येते. १७७२ च्या जानेवारींत निर्वासित शहाआलम बादशहा मराठी फौजेच्या बळावर येथें परत आला. १७८८ च्या ऑगस्टांत गुलाम कादर रोहिल्यानें याच वाड्यांत त्याचे डोळे काढले, शहाजाद्यांची व जनान्याची विटंबना केली. तेव्हां ऑक्टोबरांत किल्ला सोडविणारे महादजी शिंद्यांचेच सरदार होते. अंध बादशहा पुन्हां गादीवर बसला, आणि पुढें १८०३ पर्यंत दिल्लीवर खरा हुकूम शिंद्यांचा चालला. हें छत आणि हे डोळे एका दमांत आठवतात, म्हणून या दालनास आम्ही अर्धा तास देऊं म्हणतों. बाकीचा किल्ला लवकर उरकला तरी चालेल. १८५७ नंतर इंग्रजांनीं आंतील बहुतेक वाडे पाडून तेथें बराकी उठविल्या, त्यामुळें पाहण्यासारखें उरलें तेंच थोडें.

तेथून कालकाजी. लाल किल्ला आणि कालकाजी मंदिर हीं दोन्ही स्थानकें मेट्रोच्या एकाच जांभळ्या मार्गावर आहेत. बाजीरावांस ही सोय असती तर, असा विनोद मुलें करतीलच. मार्च १७३७ च्या अखेरीस बाजीराव बादशाही सेनापतींस बगल देऊन एकाएकीं येथें येऊन उतरले. यमुनेपलीकडे मल्हारराव होळकरांची तुकडी मागें हटवून सादतखानानें मराठ्यांचा पुरता मोड केल्याची बढाई मारली होती, आणि ती दरबारांत खरी मानली गेली होती. तिचें उत्तर हें होतें. देवीच्या जत्रेस लोक जमले होते. पुढें तालकटोरा–रकाबगंज भागांत बाहेर पडलेल्या बादशाही फौजेचा पराभव झाला आणि बाजीराव निघून गेले. शहर जाळावें असें प्रथम मनांत होतें, पण त्यांत लाभ नाहीं असें पाहून तो बेत सोडला, असें त्यांनीं चिमाजीअप्पांस पत्रानें कळविलें. आमच्या मतें त्या स्वारींतला सर्वांत मोठा विजय या सोडलेल्या बेतांत आहे. त्याच तालकटोऱ्यावर २०२५ च्या फेब्रुवारींत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव पडला होता. त्या वेळीं शहर जाळण्याचा प्रश्न नव्हता. वक्त्यांस वेळ पुरेल कीं नाहीं एवढाच होता.

फिरोजशहाचा कोटला मात्र मराठी नात्याशिवायही चुकवूं नये. टोपऱ्याहून अशोकाचा स्तंभ रेशीम व कापूस यांत गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून नदीपर्यंत आणि तेथून नावांनीं येथें आणल्याचें वर्णन त्या काळच्या इतिहासकारानें केलें आहे. सुलतानानें पंडितांस बोलावलें, पण अक्षरें कोणासच लागलीं नाहींत. तीं १८३७ सालीं प्रिन्सेपनें लावलीं.

कुतुब शेवटीं, आणि तो उन्हें उतरल्यावर. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपानें त्याचा माथा कोसळला. बरोबर दहा दिवसांनीं, ११ तारखेस, यमुनेपलीकडे पटपडगंजाशीं लेकनें शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मोड केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. (त्या लढाईचा स्मारकस्तंभ आतां नोएडाच्या गोल्फच्या मैदानांत आहे.) पुढें १८२८ सालीं रॉबर्ट स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें मिनाराच्या टोकावर एक बंगाली धाटणीची छत्री बसविली. ती इतकी विजोड दिसूं लागली कीं, १८४८ सालीं ती उतरवून खालच्या हिरवळीवर ठेवावी लागली. ती अजून तेथेंच आहे. तोंवर घरांतील वडील मंडळींचे पाय दुखूं लागलेले असतात. त्यांनीं तिच्याजवळ बसावें आणि तरुणांनीं लोहस्तंभ पाहून यावा.