नळाची भूक : शेल-वायूच्या इतिहासातील एक धागा

शेल-वायूचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा जमिनीखालून सुरुवात करतात. प्राचीन समुद्रतळावर साचलेला बारीक गाळ, त्यात गाडले गेलेले जीव, कोट्यवधी वर्षांचा दाब, आणि अखेरीस तो काळपट, पापुद्र्यांचा खडक, ज्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू आहे पण वाहत नाही. मग एखादा जिद्दी माणूस येतो, खडक फोडतो आणि अमेरिकेचे भाग्य पालटते. ही मांडणी खोटी नाही. परंतु तिच्यात एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही : हे सारे तेव्हाच का घडले?

कारण शेलमध्ये वायू आहे ही गोष्ट नवी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया या गावी १८२१ साली शेलमध्ये जेमतेम सत्तावीस फूट खोल खणलेल्या विहिरीतून वायू काढून दिवे लावले गेले. ड्रेकने पेन्सिल्व्हेनियात तेलाची प्रसिद्ध विहीर खणली ती त्यानंतर अडतीस वर्षांनी, १८५९ मध्ये. खडक दाबाने फोडण्याचे तंत्रही जुनेच. त्याचा पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्ससमध्ये झाला आणि १९४९ पासून ते व्यापारी वापरात आले. म्हणजे वायू ठाऊक होता, तंत्र हाताशी होते. तरीही शेलच्या वाटेला कोणी फारसे जात नव्हते. आमच्या मते या कथेचा आरंभ खडकात नसून एका करारात आहे, आणि तो करार नळाशी जोडलेला होता.

जॉर्ज मिचेल यांचा जन्म १९१९ साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे एका ग्रीक स्थलांतरिताच्या घरी झाला. त्यांनी पेट्रोलियम अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, दुसऱ्या महायुद्धात लष्करात काम केले आणि पुढे तेल-वायूच्या शोधाचा धंदा पत्करला. १९५२ च्या सुमारास उत्तर टेक्सासच्या वाइज परगण्यात त्यांना भरपूर वायू लागला. ज्या टापूला इतर शोधक आपल्या पैशांची स्मशानभूमी म्हणत, तेथेच त्यांची भरभराट झाली. पण वायू सापडणे निराळे आणि विकला जाणे निराळे. तेल पिंपात भरून ठेवता येते. वायूला नळ लागतो. मिचेल यांनी शिकागोकडे वायू नेणाऱ्या एका नळकंपनीशी १९५० च्या दशकात दीर्घ मुदतीचा करार केला. पुढे या कराराचा दर बाजारभावापेक्षा बराच चढा राहिला. वायू गोळा करणाऱ्या वाहिन्या आणि तो शुद्ध करणारे कारखानेही कंपनीने उभे केले.

येथेच ग्यानबाची मेख आहे. १९८० च्या सुमारास मिचेल यांचे जुने वालुकाश्मातील साठे ओसरू लागले. नळ मात्र होता तेवढाच होता, आणि करारही. नळ रिकामा राहिला असता तर चढा भाव गेला असता, कारखाने गंजले असते. तेव्हा त्याच टापूत, जुन्या साठ्यांच्याही खाली, सात-आठ हजार फुटांवर पसरलेल्या बार्नेट शेलकडे त्यांचे लक्ष वळले. १९८१ मध्ये सी. डब्ल्यू. स्ले क्रमांक १ ही पहिली विहीर खणली गेली. मिचेल यांची जिद्द आम्ही नाकारीत नाही. मात्र त्या जिद्दीला दिशा दिली ती नळाच्या भुकेने.

पुढची सोळा-सतरा वर्षे तोट्याची गेली. या काळात मिचेल यांना सरकारची साथ मिळाली, आणि खासगी साहसाच्या गौरवगाथांत तिचा उल्लेख ओझरताच येतो. १९७० च्या दशकातील इंधनटंचाईनंतर अमेरिकी ऊर्जा खात्याने पूर्वेकडील शेलचा पद्धतशीर अभ्यास करविला. १९८० च्या कायद्याने अपारंपरिक वायूला करसवलत दिली. बार्नेटमधील पहिल्या आडव्या विहिरीलाही १९९१ मध्ये सार्वजनिक निधीचा हातभार लागला. तरी हिशेब जुळत नव्हता, कारण खडक फोडण्यासाठी वापरले जाणारे दाट जेल फार महाग पडे.

ज्या बदलाने हिशेब जुळला तो काटकसरीतून आला. निक स्टाइन्सबर्गर या मिचेल यांच्या अभियंत्याने पूर्व टेक्सासात दुसरी एक कंपनी वालुकाश्म फोडताना जवळजवळ साधे पाणीच वापरते, हे ऐकले होते. मऊ, चिकणमातीयुक्त शेलमध्ये पाणी घालणे म्हणजे वेडेपणा, असा जाणकारांचा ग्रह होता. परंतु खर्च कापणे भाग होते. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर १९९८ मध्ये एस. एच. ग्रिफिन क्रमांक ४ या विहिरीने निकाल दिला : खर्च कमी आणि वायू अधिक, शिवाय टिकाऊ. तोवर शिकागोचा तो जुना, चढ्या भावाचा करार मात्र संपुष्टात आला होता. जो नळ भरण्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, त्याचा लाभ सरल्यावर यश हाती आले! जानेवारी २००२ मध्ये डेव्हन एनर्जीने मिचेल यांची कंपनी तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि पाण्याने फोडण्याच्या या तंत्राला आडव्या विहिरींची जोड दिली.

येथे शेलचा एक स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. शेलमधील विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक ओसरते. नळ मात्र चाळीस-पन्नास वर्षे टिकेल असा घातलेला असतो, आणि त्याचे कर्ज फेडायला अखंड प्रवाह लागतो. साहजिकच शेलमध्ये उतरलेल्या कंपनीला विहिरींमागून विहिरी खणाव्या लागतात. थांबली तर नळाचे भाडे अंगावर येते.

याचे लखलखीत उदाहरण म्हणजे चेसापीक एनर्जी. ऑब्री मॅक्लेंडन आणि टॉम वॉर्ड यांनी १९८९ मध्ये ओक्लाहोमात ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेत जमिनीखालच्या खनिजाचा हक्क बहुधा खासगी मालकाकडे असतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर कोणाचेही नाव असले तरी खालच्या तेल-वायूचा भाडेपट्टा सरकार देते. तेथे कंपनीचा माणूस दारोदार फिरून भाडेपट्टे गोळा करतो. चेसापीकने ही कला कोणाहूनही अधिक वेगाने साधली. २००६ मध्ये तिने डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाच्या अठरा हजार एकरांखालचा वायू काढण्यासाठी १८ कोटी ५० लाख डॉलर एकरकमी मोजले, वर रॉयल्टी वेगळीच. हे सर्व कर्जाच्या बळावर चालले होते. जुलै २००८ मध्ये वायूचा भाव तेरा डॉलरपर्यंत गेला. एप्रिल २०१२ मध्ये तो दोन डॉलरच्या खाली आला. सर्वांनी मिळून इतका वायू काढला होता की त्याला मोल उरले नाही.

तेव्हा चेसापीकने आपल्या वाहिन्याच विकल्या. २०१२ मधील या व्यवहारांतून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. पण खरेदीदाराने नुसते लोखंड विकत घेतले नव्हते. त्याने चेसापीककडून भावी वाहतुकीची हमीही घेतली होती. ज्या नळाची ती कालपर्यंत मालकीण होती, त्याचीच ती आता बांधील भाडेकरू झाली.

हे ओझे कोठे उतरले? पेन्सिल्व्हेनियाच्या ब्रॅडफर्ड परगण्यातील दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी भाडेपट्ट्याने दिल्या होत्या. तेथील १९७९ चा कायदा निदान एक-अष्टमांश रॉयल्टीची हमी देतो. परंतु विहिरीपासून बाजारापर्यंत वायू नेण्याचा खर्च आधी वजा करून मग हा अष्टमांश काढता येतो, असा निर्वाळा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. वाहिन्यांचे दर चढले, भाव पडले आणि शेतकऱ्यांच्या हाती येणारे धनादेश आक्रसत गेले. २०१५ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी या वजावटींवरून चेसापीकविरुद्ध दावा लावला. कागदावरचा अष्टमांश शाबूत होता. आटले होते ते पूर्णांकच. मॅक्लेंडन २०१३ मध्ये पायउतार झाले आणि मार्च २०१६ मध्ये मोटार अपघातात वारले. आदल्याच दिवशी भाडेपट्ट्यांच्या लिलावात संगनमत केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. जून २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून ती सावरली आणि २०२४ मधील विलीनीकरणानंतर एक्सपांड एनर्जी या नावाने वावरू लागली.

दरम्यान नळांच्या दिशाच उलटल्या. रॉकी पर्वतातील वायू पूर्वेकडे नेण्यासाठी घातलेली १,६७९ मैलांची रॉकीज एक्सप्रेस वाहिनी २००९ मध्ये पुरी झाली. काही वर्षांतच पेन्सिल्व्हेनिया-ओहायोचा शेल-वायू तीच उलटी वाहून पश्चिमेकडे नेऊ लागली. लुइझियानातील सबाइन पास येथे शेनियर कंपनीने आयातीसाठी उभारलेले बंदर २००८ मध्ये सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच बंदरातून द्रवरूप वायूचे पहिले निर्यातीचे जहाज निघाले.

या बंदराशी आपल्या गेल कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये वीस वर्षांचा करार केला होता : दरवर्षी ३५ लाख टन वायू, किंमत अमेरिकी बाजारभाव अधिक पंधरा टक्के, शिवाय दर एककामागे तीन डॉलर. हे तीन डॉलर जहाज उचला वा न उचला, मोजायचेच. ३० मार्च २०१८ रोजी या कराराखालचे पहिले जहाज, मेरिडियन स्पिरिट, भारतात पोहोचले. ते लागले दाभोळला.

दाभोळ म्हटल्यावर मराठी वाचकाला वेगळे काही सांगायला नको. एन्रॉन हीसुद्धा मुळात नळांचीच कंपनी. १९८५ मध्ये दोन नळकंपन्यांच्या विलीनीकरणातून ती जन्मली. प्रकल्प वीज द्यायला सज्ज असला की राज्य वीज मंडळाने वीज घ्यावी वा न घ्यावी, स्थिर आकार भरायचा, हेच त्या करारातील मुख्य दुखणे होते. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले, आणि अर्धवट राहिलेले वायूचे बंदर पुढे सरकारी कंपन्यांनी पुरे केले. शिकागोच्या करारापासून निघालेला धागा असा गुहागर तालुक्यातील किनाऱ्यावर येऊन त्याच जातीच्या दुसऱ्या कराराला मिळतो.

असे करार मुळातच वाईट, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. २०१४ नंतर तेल उतरले, गेलचा अमेरिकी वायू महाग ठरला आणि त्यातला काही अन्यत्र विकावा लागला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने बाजार पेटला तेव्हा तोच करार स्वस्त ठरला. अमेरिकेत शेल-वायूने कोळशाची बरीच जागा घेतली, हेही खरे. खुद्द मिचेल यांनी २०१३ मध्ये झालेल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, या धंद्यावर कडक नियमन हवे, असे जाहीरपणे लिहिले होते.

प्रश्न आहे तो जोखीम कोणाच्या माथी, हा. दाभोळहून निघणारी वाहिनी ज्या शेतांखालून जाते, तेथे १९६२ चा कायदा लागू होतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते. तिच्या वापराचा हक्क घेतला जातो, बाजारभावाच्या दहा टक्के रकमेच्या बदल्यात. त्या पट्ट्यात मग त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, आंब्याचे एक कलमही लावता येत नाही. भाव चढो वा पडो, त्याच्या वाट्याचा हिशेब त्या एका रकमेत मिटलेला असतो. ब्रॅडफर्डच्या शेतकऱ्याला निदान दर महिन्याचा धनादेश पाहून भांडता तरी आले. पुढे जेव्हा एखादी कंपनी शेलमध्ये वा नळांमध्ये विस्तार करीत असल्याची बातमी येईल, तेव्हा खाली वायू किती आहे हे जरूर विचारावे. पण त्याआधी तो नळ भरता ठेवण्याचे वचन कोणी, कोणाच्या वतीने दिले आहे, हे विचारून घ्यावे.