परळी औष्णिक विद्युत केंद्रातील संचांची निवृत्ती

परळी औष्णिक विद्युत केंद्र हे बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील कोळशावर चालणारे वीजकेंद्र असून ते महानिर्मिती कंपनीच्या मालकीचे आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी ३० मेगावॅटच्या दोन संचांनी त्याची सुरुवात झाली. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. हे पाचही संच आता निवृत्त झाले असून २५० मेगावॅटचे तीन नवे संच (क्रमांक ६, ७ व ८) तेवढे उरले आहेत.

औष्णिक संचाचे आयुर्मान वीजदर ठरवताना साधारणतः २५ वर्षे धरले जाते. मात्र केवळ वयावरून संच मोडीत काढला जात नाही. जुन्या संचाचे कर्ज फिटलेले असते, त्यामुळे त्याचा स्थिर खर्च कमी असतो; उलट एक युनिट विजेसाठी त्याला कोळसा अधिक लागतो. राज्य भार प्रेषण केंद्र इंधनखर्चाच्या चढत्या क्रमाने वीज घेते. परळीजवळ कोळशाच्या खाणी नाहीत, कोळसा दुरून रेल्वेने येतो. साहजिकच येथील वीज या क्रमात मागे पडते आणि मागणी मंदावली की संच थांबवावे लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने धूलिकण, गंधक व नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा आणि पाणीवापर यांची कडक मानके लागू केली. थोडीच वर्षे उरलेल्या संचावर नवी यंत्रणा बसवणे परवडेनासे झाले.

परळीचा खरा प्रश्न मात्र पाण्याचा आहे. केंद्राला पाणी मिळते ते गोदावरी खोऱ्यातून. परभणी जिल्ह्यातील खडका बंधारा हा त्याचा मुख्य आधार. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी आटले आणि ११३० मेगावॅटचे संपूर्ण केंद्र बंद पडले. त्यात जेमतेम तीन वर्षांचा सातवा संचही होता. २०१५ मध्ये हीच वेळ पुन्हा आली. तरीही आठवा संच २०१६ मध्ये सुरू करण्यात आला. वयाचा हिशेब मांडताना पाण्याचा हिशेब बाजूला राहिला, असेच यावरून म्हणावे लागते.

संच बंद झाल्याने कंत्राटी कामगार, वाहतूकदार आणि येथील राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या यांच्या रोजगारावर परिणाम होतो. कायम कर्मचाऱ्यांची अन्यत्र बदली होऊ शकते, कंत्राटी कामगारांना ती सोय नसते. चंद्रपूर येथील २१० मेगावॅटचे पहिले दोन संचही निवृत्त झाले आहेत. वाढती मागणी पाहून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये कोळशावरील संच २०३० पर्यंत निवृत्त करू नयेत, अशी सूचना वीजकंपन्यांना केली.